सहीचं पॅकेज

नाशिकच्या एका शोरूममध्ये ऋजुता आणि पराग नवी, वेगवान एसयूव्ही घ्यायला गेले. एक तारखेपासून भाव वाढणार होता, म्हणून परागला घाई. ऋजुताला मात्र एकच गोष्ट हवी होती, मागचा कॅमेरा. कारण त्यांची दीड वर्षाची कुहू नेमकी गाडीच्या मागे जाऊन बसायची.

"कॅमेरा वरच्या पॅकेजमध्ये येतो, मॅडम," मॅनेजर दाभाडे ऐटीत म्हणाले. "सोबत सनरूफ आणि सात रंगांचे दिवे. दीड लाख जादा. सुटा मिळत नाही."

आपणच उगाच घाबरतोय का, असं ऋजुताला क्षणभर वाटलं. मग तिने बुकिंगचा चेक लिहून दिला.

"मॅडम, सही राहिली."

"हा साधा चेक आहे, दाभाडेसाहेब. सही वरच्या पॅकेजमध्ये येते. सोबत सासूबाईंची दोन भजनं ऐकावी लागतील. सुटी मिळत नाही."

"अहो, पण सहीशिवाय चेक काय कामाचा?"

"मागचं न दिसणारी गाडी मला तेवढ्याच कामाची."

पराग छताकडे बघू लागला. दाभाडेंनी कॅमेरा फुकट लिहून दिला. ऋजुताने झोकात सही केली. फक्त आतल्या धाकधुकीने ती इतकी वाकडी आली, की बँकेत जुळेल की नाही ही काळजी तिला घरापर्यंत पुरली.