बिटकीचं घुंगरू आणि आबांचं टुंई-टुंई यंत्र

मांडी घाला. नाक पुसा. वाचणाऱ्या मोठ्या माणसानंही पुसावं. झालं? मग ऐका.

शेळीचं एक करडू होतं. एवढंसं. कान लांब, शेपूट आखूड, नाव बिटकी.

बिटकीच्या गळ्यात घुंगरू. पितळेचं, बोराएवढं. आईच्या गळ्यातही घुंगरू. लिंबाएवढं.

आई डोंगरावर चरायला जायची. बिटकी खाली नदीच्या वाळूत राहायची. दुपार टळली की आई वरून मान हलवायची.

छन्.

बिटकी खालून मान हलवायची.

छिन्.

छिन् ऐकलं की आई निघाली पायवाटेनं खाली. मग बिटकीला दूध.

एक दिवस बिटकी वाळूत नाचली. टुपुक टुपुक. नाचली, लोळली, पुन्हा नाचली. थांबली तर काय, गळा मोकळा. घुंगरू वाळूत गेलं. कुठं गेलं? वाळूलाच ठाऊक.

वरून आलं, छन्.

खालून? खालून काहीच नाही.

बिटकी म्हणाली, "बें." पण बें म्हणणारी करडं गावात चाळीस. आईला कसं कळावं, यातली माझी कोणती? आई डोंगरावर इकडं शोधू लागली, तिकडं शोधू लागली.

तेवढ्यात वाळूतून आले कोंडाजी आबा. मोठी मिशी, मोठ्या वहाणा. करकर करकर. आबा रोज खुरपं हरवायचे. म्हणून लेकीनं शहरातून यंत्र पाठवलं होतं. नवं कोरं. लांब काठी, खाली ताटली. लोखंड असो, पितळ असो, ताटली खाली आली की यंत्र ओरडतं.

"आबा, आबा, माझं घुंगरू शोधा."

"त्यात काय," आबा म्हणाले. "आत्ता शोधतो. तू नुसती बघ."

कळ दाबली. टुंई.

आबांनी खणलं. वाळू.

पुढं गेले. टुंई. खणलं. वाळू.

मागं गेले. टुंई. खणलं. काय निघालं? सांगा बरं. वाळूच.

"यंत्र खोटारडं आहे," आबा म्हणाले. "अगदी माझ्या धाकट्या भावासारखं."

बिटकीची उंची केवढी? आबांच्या पायाएवढी. म्हणून जे आबांना दिसलं नाही, ते बिटकीला दिसलं. आबांच्या वहाणांना खिळे. चकचक खिळे. ताटली पायाजवळ आली की टुंई. लांब गेली की गप्प.

"आबा, आबा, यंत्र तुमच्या वहाणांना ओरडतंय. वहाणा काढा."

आबांनी एक पाय वाळूवर टेकवला. लगेच उचलला.

"वाळू तापलीय तव्यासारखी. माझ्या तळव्यांची भाकरी होईल. ढगानं सावली धरली तर वहाणा काढीन. नाहीतर काढणार नाही."

बिटकी निघाली. टुपुक टुपुक. आभाळाच्या कोपऱ्यात ढग लोळत होता.

"ढगमामा, ढगमामा,
आबा वहाणा काढेनात,
यंत्र खरं बोलेना,
घुंगरू सापडेना,
आईला ओ जाईना.
तुम्ही सावली धराल का?"

"मला पाय आहेत का, पोरी? वाऱ्यानं ढकललं तर सावली धरीन. नाहीतर धरणार नाही."

वरून आलं, छन्. बिटकीनं मान हलवली. काहीच नाही.

बिटकी निघाली. टुपुक टुपुक. वारा वेळूच्या बेटात होता.

"वारेदादा, वारेदादा,
ढग सावली धरेना,
आबा वहाणा काढेनात,
यंत्र खरं बोलेना,
घुंगरू सापडेना,
आईला ओ जाईना.
तुम्ही ढगाला ढकलाल का?"

"वेळूनं मला काखेत दाबलंय. वेळूनं सोडलं तर ढकलीन. नाहीतर ढकलणार नाही."

बिटकी वळली. टुपुक टुपुक. समोर वेळू. पार वाकलेला.

"वेळूकाका, वेळूकाका,
वारा ढगाला ढकलेना,
ढग सावली धरेना,
आबा वहाणा काढेनात,
यंत्र खरं बोलेना,
घुंगरू सापडेना,
आईला ओ जाईना.
तुम्ही वाऱ्याला सोडाल का?"

"मुंगी माझ्या पायाला चावतेय, म्हणून मी वाकलोय. मुंगी उतरली तर सोडीन. नाहीतर सोडणार नाही."

दुरून आलं, छन्. जरा बारीक आलं. आई डोंगराच्या पलीकडं चालली होती.

बिटकीनं मान हलवली. दोनदा हलवली. काहीच नाही.

बिटकी खाली वाकली. मुंगी दिसेचना. मग दिसली.

"मुंगीबाई, मुंगीबाई,
वेळू वाऱ्याला सोडेना,
वारा ढगाला ढकलेना,
ढग सावली धरेना,
आबा वहाणा काढेनात,
यंत्र खरं बोलेना,
घुंगरू सापडेना,
आईला ओ जाईना.
तुम्ही खाली उतराल का?"

"मला भूक लागलीय. गूळ मिळाला तर उतरीन. नाहीतर उतरणार नाही."

बिटकी निघाली. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. आबांच्या घरी गेली. ओट्यावर धुरपा आजी. मांडीवर गुळाचा डबा. डब्यापेक्षा आजीच फुगलेली.

"आजी, आजी,
मुंगी खाली उतरेना,
वेळू वाऱ्याला सोडेना,
वारा ढगाला ढकलेना,
ढग सावली धरेना,
आबा वहाणा काढेनात,
यंत्र खरं बोलेना,
घुंगरू सापडेना,
आईला ओ जाईना.
तू गूळ देशील का?"

"देते की गं. पण झाकण निघेना. रोज मी अडकित्त्यानं उचकटते. आज सुपारी फोडायला म्हाताऱ्यानं अडकित्ता नेला, आणि विचारलं तर नाही म्हणतो. अडकित्ता मिळाला तर गूळ देईन. नाहीतर देणार नाही."

बिटकी परत वाळूत. टुपुक… टुपुक. पाय दमले. पोट रिकामं.

खूप दुरून आलं, छ… एवढंच. न् आलाच नाही.

"आबा, आबा,
आजी गूळ देईना,
मुंगी खाली उतरेना,
वेळू वाऱ्याला सोडेना,
वारा ढगाला ढकलेना,
ढग सावली धरेना,
आबा वहाणा काढेनात,
यंत्र खरं बोलेना,
घुंगरू सापडेना,
आईला ओ जाईना.
तुम्ही अडकित्ता द्याल का?"

"मी? अडकित्ता?" आबा म्हणाले. "मी पाहिलासुद्धा नाही. सकाळपासून."

बिटकी म्हणाली, "मग यंत्रालाच विचारा."

आबांनी काठी उचलली. ताटली डोक्यावर नेली. यंत्र गप्प. मिशीजवळ नेली. गप्प. पोटाजवळ नेली. गप्प. बंडीच्या खिशाजवळ नेली.

टुंईईई.

खिशातून निघाला अडकित्ता.

"अरेच्चा," आबा म्हणाले. "हे यंत्र खोटं बोलत नाही तर."

"नाही," बिटकी म्हणाली. "यंत्र नाही बोलत."

आबांनी मिशी खाजवली. दुसरं काय करणार?

मग बिटकी अडकित्ता तोंडात धरून धावली. टुपुक टुपुक टुपुक.

आजीनं झाकण उचकटलं. टक. बिटकीनं गुळाचा खडा मुंगीपुढं ठेवला. मुंगी खाली उतरली. सुर्र. वेळू सरळ झाला. कर्र. वारा सुटला. सूं. ढग ढकलला. ढुम. सावली पडली. वाळू गार झाली.

आणि आबांनी वहाणा काढल्या. एक इकडं भिरकावली, एक तिकडं.

कळ दाबली. यंत्र गप्प. पायाजवळ असून पहिल्यांदाच गप्प.

"हळू फिरवा, आबा," बिटकी म्हणाली. "वाळूला लागेल न लागेल असं."

आबांनी हळू फिरवलं. गप्प.

एक पाऊल पुढं. गप्प.

आणखी एक पाऊल.

टुं.

एवढंसं टुं. बोराएवढं.

आबांनी खणलं. वाळू. आणखी खणलं. वाळू. वाळूत काहीतरी पिवळं. आबांनी उचललं, फुंकलं, बिटकीच्या गळ्यात बांधलं.

बिटकीनं मान हलवली.

छिन्.

डोंगर गप्प.

पुन्हा हलवली. छिन्.

डोंगर गप्पच. आई पलीकडं गेली होती. एवढंसं छिन् तिथवर कसं जाणार?

बिटकीनं मान खाली घातली. आबांनी मिशीसुद्धा खाजवली नाही.

पण वारा आता मोकळा होता ना? तो खाली आला. बिटकीनं तिसऱ्यांदा मान हलवली. छिन्. वाऱ्यानं ते छिन् उचललं, झाडांवरून नेलं, डोंगरावरून नेलं, पलीकडं नेऊन ठेवलं. आईच्या कानात.

तुम्हीही ऐका. श्वास धरा.

छन्.

आधी बारीक. मग मोठं. छन् छन्. मग पायवाटेवर. छन् छन् छन् छन्.

आई आली. आईनं बिटकीचा कान चाटला. दुसरा कान चाटला. बिटकी आईच्या पोटाखाली घुसली. चुक चुक, चुक चुक.

ढग निघून गेला. वाळू पुन्हा तापली.

"माझ्या वहाणा?" आबा म्हणाले, या पायावरून त्या पायावर नाचत. "कुठं टाकल्या मी?"

मग उचललं यंत्र. इकडं, टुंई. तिकडं, टुंई. आबा शिकले.

मुंगीच्या तोंडात गूळ, ती गप्प. आजीच्या तोंडात गूळ, तीही गप्प. बिटकीच्या तोंडात दूध. आता तुम्हीही गप्प. डोळे मिटा, आणि ऐका दोघी कशा बोलतायत.

छन्.

छिन्.