सदऱ्यांची राखण

फार फार पूर्वी, डोंगर अजून गच्च झाडीचे होते तेव्हा, एका गावाच्या वेशीबाहेर एक बाग होती. ती कुणा एकाची नव्हती. गावातली माणसं हौसेनं तिथं यायची आणि ज्याला जे येई ते दुसऱ्याला शिकवायची. कुंभारीण वेल मांडवावर कसा चढवायचा ते दाखवी, कोष्टी आळं कसं करायचं ते सांगे. गावातल्या नव्या सुना तिथंच पेरायला शिकल्या.

बागेच्या मधोमध बियाण्याचा वाफा होता. त्यातलं फळ कुणी तोडायचं नाही. ते वेलावरच पिकायचं आणि त्याच्या बिया पुढल्या वर्षी घरोघर जायच्या.

बागेतल्या खोपटात एक म्हातारा राही. वाफ्यातल्या पिवळ्या वाळकाच्या, म्हणजे काकडीच्या जातीच्या, एकुलत्या वेलावर त्याचा फार जीव. ती बी त्याच्या बायकोनं माहेराहून पदराला बांधून आणली होती. बायको गेली, पण वेल दरसाल उगवत राहिला.

एका वर्षी रानात चारा कमी झाला. सांबरं ओढ्याच्या काठापर्यंत येऊ लागली. गावानं राखणीच्या पाळ्या लावल्या. कोष्ट्याच्या पाळीला त्याच्या घरी लग्न निघालं. त्यानं काठीवर आपला सदरा चढवून वाफ्यात उभा केला.

"आज माझ्या जागी हा. माझ्यापेक्षा कामसू आहे!"

"आणि तरणाही दिसतोय हो!" कुंभारीण म्हणाली. सगळे पोट धरून हसले.

त्या दिवशी सांबरं फिरकली नाहीत. मग काय, ज्याला काम निघे तो सदरा लावी. पुढं पुढं काम नसलं तरी लावी. कुंभारणीचं लुगडंही एका काठीवर आलं. हळूहळू माणसांचं बागेत येणंच थांबलं.

म्हातारा पाणी घालता घालता त्या कपड्यांकडं बघे. या लुगड्यापाशी केवढी बडबड असायची! या सदऱ्यासोबत आपण किती भाकरी खाल्ल्या! आता वाऱ्यानं बाह्या हलत, तेवढंच.

एका पहाटे त्याला जाग आली तेव्हा एक सांबरीण कोष्ट्याच्या सदऱ्याला मान घाशीत चरत होती.

"अगं, भीत नाहीस?" म्हातारा म्हणाला.

"कुणाला भिऊ, बाबा? इतकी वर्षं तुमचा गलका ओढ्यापलीकडं ऐकू यायचा. 'अगं असं नाही, असं लाव,' कुणीतरी ओरडायचं, मग हसू. त्या आवाजानं आमची पावलं मागं फिरायची. यंदा बाग मुकी झाली. आम्हाला वाटलं, माणसांनी ती सोडून दिली."

म्हाताऱ्यानं वाफ्याकडं पाहिलं. वाळकाचा वेल मुळापर्यंत खाल्लेला होता.

"एवढा एक ठेवायचा होतास गं."

सांबरीण ओशाळली. "कोणता वेल कुणाचा, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, बाबा."

म्हाताऱ्यानं सारे कपडे काढले, धुतले, घड्या घातल्या आणि ज्याचे त्याला नेऊन दिले.

"अहो म्हातारबा, हे काढलंत? मग राखण कोण करणार?" कोष्ट्यानं विचारलं.

"सदऱ्यानं केली तेवढी केली. वाळूक गेलं."

"गेलं म्हणजे?" कुंभारीण दारातून पुढं आली.

"गेलं, वहिनी. घरोघरची वाळकं तर कोवळीच खाऊन झाली. आता कुणाकडंच बी नाही."

तो एवढंच बोलला. रागावला असता तर बरं, असं दोघांना वाटलं.

दुसऱ्या सकाळपासून माणसं पुन्हा येऊ लागली. बाग पुन्हा बोलू लागली आणि सांबरं ओढ्यापलीकडं राहिली. वाफ्यातलं बाकीचं बियाणं थोडं थोडं वाचलं, त्यावर गाव सावरलं. पिवळं वाळूक मात्र दहा गावं धुंडाळूनही मिळालं नाही. पुढं नव्या सुना म्हाताऱ्याला विचारीत, "ते लागायचं कसं हो?" म्हातारा सांगू पाही, पण चव कुठं सांगता येते?

म्हणून म्हणतात, जे सगळ्यांचं असतं ते आपण स्वतः जाऊनच राखावं. आपल्या जागी दुसरं काही उभं करून ते राहत नाही.