गेनूचा चालता बांध

एका गावात पिठाची एकच गिरणी होती आणि गावातल्या निम्म्या भानगडी तिथंच दळून निघत. एका सकाळी धुरपदाकाकू ज्वारीचा डबा घेऊन तिथं उभी होती. डोंगरातले दगड तपासायला आलेले एक पाहुणे गिरणीवाल्याला काहीतरी समजावत होते.

"जमीन सरकतेय, बरं का. अगदी आपल्या पायाखालचीसुद्धा. आणि हळूहळू सरकत ती..."

तेवढ्यात गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. घरघराट सुरू झाला आणि पुढचं कुणाला काही ऐकू आलं नाही.

आता अर्धं ऐकलं तर माणसानं निदान अर्धंच सांगावं! पण काकूच्या मागं पोतं घेऊन गेनू उभा होता. त्याचा चेहरा असा खुलला, जसं काही त्यालाच आवतण आलं.

कारणही तसंच होतं. गेनूचं रान काकूच्या पट्टीला लागून. दर नांगरटीला हा गडी नांगर बांधाला घासून चालवायचा आणि बांध वीतभर कोरायचा. वर माती पलीकडं ओढून नवा बांध घालायचा, तो काकूच्या रानात. असं करता करता काकूची पट्टी इतकी अरुंद झाली, की पेरणीची पाभर वळवायला बैलांना जागा उरेना. पेरणी तोंडावर आलेली. बांध मागं गेला नाही, तर पट्टी गेनूलाच विकावी लागणार आणि वर्षाची भाकरी तर त्या पट्टीवरच. काकू बोलायला गेली की गेनू म्हणायचा, "बांध हाय तिथंच हाय काकू, तुमची नजर गेली."

आता त्याला त्याहून झकास उत्तर सापडलं.

"मी कुठं कोरतो?" संध्याकाळी तो पारावर हात उडवत म्हणाला. "जमीनच सरकते! शिकलेल्या माणसानं सांगितलंय."

आणि गाव तरी कसलं! ज्याला त्याला हे वाक्य हवंच होतं. एकानं कुंपण रस्त्यात घातलं, म्हणे जमीन सरकली. एकाची म्हैस दुसऱ्याच्या कडब्यात सापडली, म्हणे गोठा सरकला. हे तंटे ऐकून ऐकून गावच्या पाटलांनी तर ठणकणाऱ्या डोक्याला उपरणं बांधून घेतलं.

"जमीन सरकली तर सरकू दे," काकू करवादली, "अक्कल तरी जागेवर राहू दे की रे!"

पण ऐकतंय कोण? शेवटी ती स्वतःच गेली, एसटीची वाट बघत बसलेल्या पाहुण्यांना उठवलं आणि चावडीवर आणून बसवलं. गेनूलाही बोलावणं गेलं.

"पाव्हणं, एकच सांगा," गेनू छाती काढून म्हणाला. "जमीन सरकते का नाही?"

"सरकते."

"ऐका, ऐका पाटील!"

"पण किती?" काकूनं विचारलं.

"हाताचं नख जसं वाढतं, तशी. कळणारसुद्धा नाही."

पाटील तंटा विसरून पुढं सरकून बसले. "आन् मग पुढं काय हुतं?"

"फार फार पुढं, कोट्यवधी वर्षांनी," पाहुणे म्हणाले, "आज डोंगर आहेत तिथं मैदान असेल. समुद्र आहेत तिथं कदाचित डोंगर उठतील. दूरदूरचे देश सरकत सरकत एकमेकांना येऊन भिडतील, असं जाणकारांना वाटतं."

चावडीवरची सगळी डोंगराकडं बघू लागली. कोपऱ्यातला एक म्हातारा तेवढा पुटपुटला, "म्हंजे तवाबी बांधाची भांडणं हायतीच."

काकूला मात्र ना डोंगर दिसत होते ना समुद्र. तिला दिसत होती न वळणारी पाभर.

"ते होईल तवा होईल. आपली जमीन सरकते ती कुठल्या अंगाला, तेवढं सांगा."

"उत्तरेला. जराशी पूर्वेकडं कलून."

काकू वळली. "गेनू, माझी पट्टी तुझ्या रानाच्या कुठल्या अंगाला रं?"

गेनू मान खाजवू लागला.

"बोल की!" पाटील ओरडले.

"दक्षिणेच्या."

"सगळा देश उत्तरेला निघालाय, आन् तुझा एकट्याचा बांध दक्षिणेला? वाट चुकला का काय?" काकूनं विचारलं.

चावडी अशी हसली की बाहेरची कुत्री उठून गेली.

"आणि जमीन सरकते ती सगळी मिळून," पाहुण्यांनी हसू दाबत सांगितलं. "रान, बांध, बैल, ही चावडी, सगळं एकदमच. एकट्या बांधाला कुठं जाता येत नाही."

"पण सरकते हे तर खरं ना?" गेनूचं आपलं चालूच.

पाटलांनी कपाळावर हात मारला. "खरं रं बाबा! तेवढंच खरं. उद्या फावडं घे आन् बांध हुता तिथं घाल."

दुसऱ्या दिवशी गेनू माती ओढत होता आणि काकू कमरेवर हात ठेवून उभी होती. "अजून मागं. अजून. लाजू नको."

"कशाला एवढं, काकू?" गेनू घाम पुसत कुरकुरला. "पुढं इथं समुद्रबी यील."

"यील तर यील. तवर मला पेरू दे."

पेरणीच्या दिवशी काकूची पाभर पट्टीच्या टोकाला गेली आणि आरामात वळून आली.

तात्पर्य काय, तर पृथ्वी सरकते ती सगळ्यांना सोबत घेऊन; शेजाऱ्याच्या रानात शिरतो तो आपलाच नांगर, त्याचं खापर तिच्या माथी फोडू नये.