मिठाची वीतभर गाडी

फार जुन्या काळी, घाटावरच्या लोकांच्या भाकरीत पडणारं मीठ समुद्राकाठाहून बैलगाडीने येई, तेव्हाची ही गोष्ट. गाड्या अडल्या की राजाच्या आमटीपासून रंकाच्या ठेच्यापर्यंत सगळंच अळणी.

त्या राज्यात एक अजब रीत होती. दरबारात तक्रार नुसत्या तोंडाने करायची नाही. ज्या वस्तूला इजा होते तिची वीतभर नक्कल करून राजापुढे ठेवायची. गळकं छप्पर असो की फुटका बांध, नक्कल दाखवील ते खरं. माणसाचं तोंड फार बोलतं, असं राजाच्या पणजोबांचं मत होतं, आणि ते अगदीच चुकीचं होतं असं काही म्हणवत नाही. मात्र नक्कल खोटी ठरली, तर ती तक्रार पुढची बारा वर्षं कुणी ऐकायची नाही.

घाटाच्या पायथ्याशी एक सुतार राहत होता. मिठाच्या बहुतेक गाड्या त्याच्याच हातच्या. त्याची एकुलती एक लेक एका गाडीवानाला दिलेली होती. त्या वर्षी घाटातल्या एका वळणावर दोन गाड्या दरीत गेल्या, बैलांसकट आणि माणसांसकट. तिथे कड्यातून एक खडक रस्त्यात पुढे आला होता. तो फोडा, एवढंच गाडीवानांचं मागणं. पण कारभाऱ्याने राजाला कधीच सांगून ठेवलं होतं की घाट चांगला रुंद केला आहे, गाड्या पडतात त्या गाडीवानांच्या डुलकीमुळे.

गाडीवान नक्कल करून मागायला सुताराकडे आले. सुताराने मान डोलावली. जावई दर खेपेला त्याच वळणावरून जातो म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

त्याने सागाची फळी काढली आणि सगळं मुळापासून घडवलं. चाकं, चाकांच्या मधले तुंबे, बोटभर लांबीचे आरे, त्यांवर लोखंडी पट्टीची धाव, वर जू. बारीक खिळेसुद्धा घरीच ठोकले. गाडी झाली. बायकोने पाहिली आणि म्हणाली, "अहो, ही वरातीची गाडी झाली. मीठ वाहणारी अशी असते होय?"

बोलणं लागलं, पण खरं होतं. मग सुतार गाडी जुनी करायला बसला. विटेची भुकटी तेलात कालवून लोखंडावर गंज चढवला. तुंब्याशी काजळ आणि तेल लावून वंगण केलं. कापडाने चाळलेल्या मातीचा चिखल उडवला. आणि कानशीने ओरखडे काढले, डावीकडे, उजवीकडे, जिथे जागा दिसेल तिथे. आठ दिवस हेच चाललं होतं. डावी बाजू तर त्याला इतकी साधली की सगळं गाव बघायला आलं आणि तोंडात बोट घालून गेलं. सुताराच्या पायाला जमीन लागेना.

तक्रारींचा दरबार पुनवेला भरे. त्याला सहा दिवस उरले असताना जावई आला. सासऱ्याने गाडी पुढे ठेवली आणि कौतुकाची वाट पाहत बसला. जावई पाणी प्यायला, त्याने भाकरी खाल्ली, गाडी उचलली, फिरवली, खाली ठेवली. डावी बाजू पुन्हा एकदा पाहिली.

"जावईबापू, काही चुकलंय का?"

"मामा, राग मानू नका. पण डाव्या अंगाला ओरखडे कशाने पडले?"

"कशाने म्हणजे? घाटात घासून. उजवीकडे पडतात तसेच."

"चढताना उजवीकडे कडा असतो. डावीकडे दरी. ती कशी घासेल?"

"आणि उतरताना? तेव्हा बाजू फिरते ना!"

"घाटाने आम्ही उतरतच नाही. वाट अरुंद, समोरून गाडी आली तर दोघंही अडकायचे. भरून चढायचं ते घाटाने, रिकामं परतायचं ते लांबच्या सोप्या वाटेने. बापजाद्यांपासून हीच रीत आहे."

सुताराला राग आलाच. तीस वर्षं गाड्या बनवणाऱ्याला काल मिसरूड फुटलेल्याने शिकवावं! पण तीस वर्षांत तो स्वतः एकदाही घाट चढला नव्हता. गाड्या त्याच्या दारात यायच्या, त्याला कुठे जायची गरजच पडली नव्हती. रात्रभर कुशी बदलून पहाटे तो जावयाच्या गाडीत पोत्यांवर जाऊन बसला.

वळण आलं तसं जावई म्हणाला, "मामा, इथे उतरून मागून चाला." सुतार उतरला. पाखऱ्या आणि चांद्या, जावयाचे बैल, खाली माना घालून ओढत होते. एवढ्यात उजवा तुंबा खडकाला भिडला. लाकूड करकरलं आणि भरलेली गाडी हातभर डावीकडे सरकली. डाव्या चाकाची अर्धी धाव रस्त्याबाहेर, दरीवर गेली. "ओढ रं पाखऱ्या, ओढ माझ्या लेकरा!" जावई ओरडला. बैलांनी जीव खाऊन ओढलं आणि गाडी वर आली.

जावयाने कपाळ पुसलं आणि तो पुढे चालू लागला. त्याचं हे रोजचंच होतं. सुतार मात्र तिथेच खाली बसला. आपली लेक रोज संध्याकाळी उंबऱ्यात का उभी असते, ते त्याला आज कळलं, आणि त्याला रडू आलं.

मग त्याने गाडी नीट पाहिली, जणू आयुष्यात पहिल्यांदाच. चिखल तुंब्याच्या वर कुठेच नव्हता. खिळ्यांच्या डोक्यांवर मिठाची पांढरी साय आली होती. जावई जिथे हात टेकून उडी मारतो तेवढीच फळी गुळगुळीत होती. आणि उजव्या तुंब्यावर एकच खोल घळ होती, एकाच उंचीवर, वंगणाने काळी पडलेली. त्याने त्या खडकाची एक कपची उचलून कनवटीला लावली.

घरी येऊन त्याने नकलेची डावी बाजू उचकटली. गावाने वाखाणलेलं काम चुलीत घालणं जिवावर आलं, खोटं कशाला सांगू? पण घातलं. नवं चाक केलं, नव्या फळ्या बसवल्या, उजवीकडचे खोटे ओरखडे तासून काढले, वरचा चिखल पुसला. खिळ्यांवर मिठाचं पाणी लावून उन्हात वाळवलं. उजव्या तुंब्याला या वेळी कानस लावलीच नाही. ती घाटातली कपची रोवून उभी केली आणि गाडी चढाच्या दिशेने तिच्यावर घासली, पुन्हा पुन्हा, घळ पडेपर्यंत.

पुनवेला दरबार भरला आणि सुताराने गाडी राजापुढे ठेवली. कारभारी हसला. "महाराज, याच्या हातात कला आहे. ओरखडा काय, वाघाचा पंजासुद्धा उमटवून देईल."

राजाने गाडी फिरवून पाहिली. "उजवीकडे एवढी मोठी जखम, आणि डावी बाजू कोरी? कंटाळलास की काय?"

सुतार हात जोडून म्हणाला, "महाराज, डावीकडे दरी आहे. तिकडे गेलेली गाडी माझ्याकडे दुरुस्तीला येत नाही."

राजा उठला, नक्कल हातात घेऊन गडाच्या तीनशे पायऱ्या उतरला. खाली मिठाच्या अकरा गाड्या उभ्या होत्या. एकेका गाडीशी वाकून त्याने उजवा तुंबा पाहिला, मग डावा पाहिला. अकराही उजव्या तुंब्यांवर तीच घळ होती, त्याच उंचीवर. अकराही डावे तुंबे कोरे होते.

कारभाऱ्याला हुकूम झाला की खडकाची शेवटची कपची फुटेपर्यंत त्याने त्या वळणावरच मुक्काम करावा. शिवाय गाडी आली की खाली उतरून तिला मागून खांदा द्यावा. पहिल्याच गाडीला खांदा देताना त्याला दरी दिसली, आणि खडक महिन्याभरात फुटला.

पुढच्या वर्षी जावयाने गाडीला नवे तुंबे बसवले. हंगाम संपल्यावर तो माहेरी आलेल्या बायकोला न्यायला सासुरवाडीला आला, तेव्हा सुतार आधी अंगणात गेला आणि उजव्या तुंब्यावरून हात फिरवला. हाताला नुसतं वंगण लागलं. तो हात तसाच धोतराला पुसून त्याने लेकीला हाक मारली, "पोरी, पानं घे. जावईबापू आलेत."

बोध: खरं दुखणं दाखवायचं तर आधी ते जाऊन पाहावं, अंदाजाने काढलेला एक ओरखडा खऱ्या जखमेलाही खोटं पाडतो.