सुमेटी बेटावरचे पाचशे हंडे

चूक सगळी त्रिंबकपंतांची होती. पण पंत राज्याचे कारभारी, वय बासष्ट, मिशा पांढऱ्याशुभ्र. तेव्हा दोष तांबटांवर आला.

खारबंदरचे राजे भुजंगराव यांना आपले तांब्याचे हंडे परमुलखात खपवायचे होते. सुमेटी बेटावर वखार घातली. तिचा मुख्य कोण? दरबारात सर्वांत म्हातारं कोण ते पाहिलं आणि पंतांना गलबतात बसवलं. दोन वर्षांनी पंत परतले. पाचशे हंडे गेले होते. पाचशेच्या पाचशे परत आले.

"मालच खराब, महाराज," पंत म्हणाले. "सुमेटीचे लोक बघून नाकं मुरडतात. मी राबराब राबलो. पण रावजी तांबटानं हंडे धड ठोकले असतील तर ना!"

राजांनी लगेच हुकूम सोडला. रावजीची भट्टी मोडा, त्याला हद्दपार करा!

तेवढ्यात रावजीची मुलगी येसू दरबारात शिरली. हात कोपरापर्यंत काळे.

"महाराज, हंडे तपासलेत. पंतांना कोण तपासणार?"

दरबारातले सगळे म्हातारे एकदम खाकरले.

"तूच तपास!" राजे म्हणाले. "पण समुद्र ओलांडायचा नाही. वखारीचं दफ्तर उघडायचं नाही. पंतांच्या कामाबद्दल कुणाला एक शब्द विचारायचा नाही. उद्या सूर्य मावळायच्या आत सांग, पंतांनी काम केलं की नाही. नाही जमलं तर बापाबरोबर तूही चालती हो!"

"उद्या कशाला? आत्ताच सांगते. गलबताच्या तांडेलाला तेवढं बोलवा."

हसन तांडेल आला. त्याच्याबरोबर सुक्या मासळीचा वासही आला. पंतांनी उपरणं नाकाला लावलं.

येसू पंतांकडे वळली. "पंतआजोबा, सुमेटीच्या बोलीत 'नको' कसं म्हणतात?"

"आजोबा कुणाला म्हणतेस गं?"

"बरं, पंतकाका. 'नको' कसं म्हणतात?"

"मला काय ठाऊक! दोन वर्षांत मला नको म्हणायची एकाची छाती झाली नाही!"

पंतांनी ऐटीत चौफेर पाहिलं. दोघातिघांनी मानाही डोलावल्या.

"हसनचाचा, तुम्ही सांगा."

"बोहाक!" तांडेल म्हणाला. "आठच दिवस होतो तिथं. वेळ जाईना म्हणून बाजारात नारळ विकायला बसलो. बोहाक, बोहाक, कान किटले! एक म्हातारी तर नारळ न बघताच बोहाक म्हणाली. शेवटी तीच चार घेऊन गेली."

"ऐकलंत, महाराज?" येसू म्हणाली. "चाचांना आठ दिवसांत कळलं. पंतांना दोन वर्षांत कुणी नको म्हटलं नाही, कारण पंतांनी कुणाला 'घेता का' म्हणून विचारलंच नाही! मग नाकं मुरडली कुणी?"

"विचारायचं? मी?" पंतांचा आवाज चढला. "मी खारबंदरचा कारभारी! कारभारी कुणाच्या दारात जातो होय? इथं तरी कधी गेलोय? बैठक घालून बसलो होतो. गरज असेल तो येईल मुजरा करत!"

"मग आलं कुणी?" राजांनी विचारलं.

पंतांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"शेळी आली होती," ते म्हणाले. "दोनदा."

राजे इतके हसले, इतके हसले की सिंहासनाच्या हाताला धरून त्यांना सावरावं लागलं! डोळे पुसत त्यांनी हुकूम फिरवला. रावजीची भट्टी राहिली. पुढच्या गलबतातून येसू वखारीची मुख्य म्हणून सुमेटीला निघाली. राजांनी तिच्या हाताखाली एक माणूसही दिला.

त्रिंबकपंतांचं कारभारीपद गेलं. बासष्टाव्या वर्षी ते डोक्यावर हंडा घेऊन सुमेटीत दारोदार हिंडले, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी एकशेचार वेळा बोहाक ऐकलं.