घुशीची हिरवी डहाळी

बाळांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक घूस राहत असे. घूस म्हणजे भला थोरला उंदीरच म्हणा ना! नाके मुरडू नका, मोठी प्रेमळ बाई होती ती. सात पिल्लांची आई. घर मात्र एवढेसे. पिल्ले झोपली की एकाचे शेपूट दुसऱ्याच्या नाकात! म्हणून तिने ठरवले, आणखी एक खोली काढायची. पण तिचे घर होते दोन कातळांमधल्या खिंडीत, आणि पाण्याकडे जाणारी जंगलाची एकुलती एक वाट त्याच खिंडीतून जात होती. ती खणल्याशिवाय खोली होणार नव्हती.

वाट खणायची तर पंचायतीची परवानगी लागे. ते काम म्हाताऱ्या कासवाकडे होते. कासव पळसाची एक ताजी डहाळी देई. ती खड्ड्याशेजारी रोवायची. पाने हिरवी आहेत तोवर खणायचे, वाळली की खड्डा बुजवून वाट मोकळी करायची.

"चार-पाच दिवस मिळतील, घूसबाई," कासव म्हणाले.

"एवढ्यात कुठं होतंय, आजोबा? पलीकडच्या जंगलात म्हणे महिना महिना देतात!"

"कुठंही जा बाई, पळसाला पानं तीनच," कासव हसून म्हणाले. "पिल्लांना माझा आशीर्वाद सांग."

घूस कामाला लागली. पहिले दोन दिवस अगदी झपाटून, मग आज थोडे, उद्या थोडे. पाने मलूल झाली तेव्हा खोली अर्धीच झाली होती. आणि मग तिला नको ती युक्ती सुचली. रोज सकाळी ती तोंडात पाणी भरून आणी आणि डहाळीच्या बुडाशी ओती. डहाळी पुन्हा टवटवीत! पाने हिरवी आहेत ना, मग मुदत संपलीच कुठे? पंधरवडा उलटला तरी खड्डा तिथेच आणि मातीचा ढीगही तिथेच. कडेने एका वेळी एकालाच जाता येई, त्यामुळे खिंडीच्या दोन्ही तोंडांशी रांगा लागत. कुणी कुरकुरले की घूस म्हणे, "जरा कळ काढा की! लेकुरवाळीचं काम आहे." मग बिचारे पुन्हा रांगेत उभे राहत.

एके दिवशी तिच्या धाकट्या पिल्लाने कसलेसे विषारी बी खाल्ले. त्याचे पोट फुगले, डोळे पांढरे झाले. घुशीच्या काळजाचे पाणी पाणी झाले. जंगलाचा वैद्य म्हणजे एक अस्वल, आणि ते राही पाण्याकाठी. पिल्लाला तोंडात धरून ती धावत सुटली. खिंडीत पाहते तो काय! एका गव्याचा पाय खड्ड्यात अडकलेला. त्याला पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. त्याच्याभोवती रानडुकरे आणि हरणे दाटीवाटीने रेटत होती. खुरांच्या त्या गर्दीत शिरले तर पिल्लाचा चेंदामेंदाच व्हायचा.

घुशीने पिल्लू खाली ठेवले आणि ती ओरडली, "वाट सोडा हो! माझं लेकरू चाललंय!"

"सोडली असती गं बाई," गवा कळवळून म्हणाला, "पण पायच खड्ड्यात आहे माझा."

कुणाचा खड्डा, हे कुणीही विचारले नाही. डहाळीची पाने मात्र सकाळच्या पाण्याने अजून टवटवीत होती. घुशीला रडूच कोसळले. तिने दातांनी ती डहाळी उपटली, लांब भिरकावली आणि खड्ड्याची कड उकरू लागली. ते पाहून डुकरांनी मुसकटे लावली. बघता बघता उतार झाला आणि गव्याचा पाय सुटला. सगळ्यांनी मिळून खड्डा बुजवला. गव्याने घुशीला पिल्लासकट डोक्यावर घेतले आणि साऱ्यांनी अंग चोरून त्याला वाट दिली.

अस्वलाने पाला चोळून रस पाजला. पिल्लाने बी ओकून टाकले आणि हळूच "चूं" केले.

"घटकाभर उशीर झाला असता तर माझ्या हातात काही उरलं नसतं," अस्वल म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घूस मान खाली घालून कासवापुढे उभी राहिली. "आजोबा, मी डहाळीला पाणी घालत होते."

"माहीत होतं गं. तोडलेली डहाळी काय आपोआप पंधरा दिवस टिकते? लेकुरवाळी म्हणून मी डोळेझाक केली. चूक माझीही आहे," कासव म्हणाले, आणि त्याने तिला नवी डहाळी दिली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घूस ती डहाळी घेऊन हजर. पाने हिरवीगार होती.

"अगं, मुदत आहे अजून! आणि खोली?"

"झाली की! सातही जणांना जुंपलं," घूस म्हणाली. "वाट मोकळी झाली, आजोबा. आता डहाळी ठेवून काय करू?"

तात्पर्य : परवानगी काम उरकण्यासाठी असते, रेंगाळण्यासाठी नव्हे. आपण अडवलेली वाट एक दिवस आपल्यालाच हवी असते.