स्क्रू ड्रायव्हरची मूठ

"म्हणजे पैसे तेवढेच, आणि डिस्क आठपट लहान? उस्ताद, ही उघड उघड लूट आहे!"

श्रेणिक मगदूमचा आवाज मिरजेच्या त्या बोळात चार दुकानं पलीकडे गेला असेल. काउंटरवर त्याचा कॉम्प्युटर झाकण काढून ठेवला होता. शेजारी दोन डिस्क होत्या. एक जुनी, वापरलेली, विटेएवढी जड, दोन टेराबाइटची. दुसरी नवी, बिस्किटाएवढी हलकी, अडीचशे जीबीची.

दाऊद उस्ताद रेडिओच्या जमान्यापासून दुरुस्तीच करत आलेले. त्यांनी चष्मा पुसला.

"मोठीत काय ठेवणार?"

"गेम्स! त्रेचाळीस आहेत माझ्याकडे."

"खेळतोस किती?"

"...एक."

श्रेणिकला हा प्रश्न मुळीच आवडला नाही. इंटरनेटवर शेकडो व्हिडिओ पाहून तो आला होता. शिकायला म्हणून दोन वर्षं दर शनिवारी उस्तादांकडे यायचा, आणि यायचा तो त्यांनाच शिकवायला. आज तर तो भडकलेलाच होता. गेम खेळणाऱ्या पाच जणांच्या टीममधून त्याला काढायला निघाले होते! रविवारी सांगलीत स्पर्धा. कॅप्टन सुयोगनं तोंडावर सांगितलं होतं, "तुझा नकाशा उघडेपर्यंत आमचे दोघं मेलेले असतात. ह्या वेळी उशीर झाला तर तुझ्या जागी दुसरा."

"माझा काय दोष? मशीन हळू आहे!" श्रेणिक म्हणाला. "आणि तुम्ही मला ही चिमुकली डिस्क गळ्यात मारायला लागलाय!"

उस्तादांनी लांब स्क्रू ड्रायव्हर उचलून त्याच्या हातात दिला. मालकानं स्वतः ऐकल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, हा त्यांचा जुना नियम. रेडिओ घेऊन येणाऱ्यांनाही ते असंच ऐकायला लावत.

"गेम चालू कर. टोक आतल्या डिस्कवर, मूठ कानाला."

श्रेणिकनं चडफडत कान लावला.

घरघर... टक टक... घरघर... टक टक टक...

पडद्यावरची पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती.

"काय करते आहे?"

"शोधते आहे," श्रेणिक नाइलाजानं म्हणाला. "इकडून तिकडे पळते आहे."

"मोठी घेतलीस तर?"

"...पळायला जागा जास्त."

उस्तादांनी मशीन बंद केलं, आतली डिस्क काढली आणि लहान डिस्क बसवली. विंडोज आणि तो एक गेम तिच्यावर चढेपर्यंत दुपार टळली. दोन चहा झाले. तेवढ्या वेळात श्रेणिकनं सुयोगची सात पिढ्यांपर्यंत खबर घेतली.

"गेल्या रविवारी नकाशा उशिरा उघडला. त्याच्या आधीच्या रविवारी पण?" उस्तादांनी सहज विचारलं.

"नाही. तेव्हा वेळेवर उघडला होता."

"मग जिंकलास?"

"माऊस अडकला! म्हणून तर नवा घेतला."

"त्याच्या आधी?"

"कीबोर्ड! तोही बदलला. आणि एकदा खुर्ची..."

उस्तादांनी बशीतला चहा संपवला.

"लाव आता."

गेम सुरू झाला. श्रेणिकच्या डोळ्याचं पातं लवायच्या आत नकाशा उघडला. त्यानं पुन्हा लावून पाहिला. पुन्हा तसाच. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यानं टोक नव्या डिस्कवर ठेवलं, मूठ कानाला घट्ट दाबली.

काहीच नाही.

"उस्ताद, ही चालू तरी आहे का?"

"चालू आहे. हिच्यात फिरणारं काही नाही."

"आवाजच करत नाही!"

"हं."

श्रेणिकच्या चेहऱ्यावर आनंद आला, पण टिकला नाही. संताप परत उसळला.

"आता बघा! रविवारी त्या सुयोगच्या नाकावर टिच्चून खेळतो. माझ्या जागी दुसरा म्हणे! स्वतःला दुसऱ्याची पाठ राखता येत नाही आणि बोलतो मला! हरलो ना परत, तर सांगून ठेवतो, त्या चौघांच्याच चुकीनं..."

उस्ताद काउंटरला वळसा घालून बाहेर आले. त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर त्यांनी काढून घेतला. टोक त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर अलगद टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटले.



"...काय झालं, उस्ताद?"

उस्तादांनी बोट ओठांवर ठेवलं. बराच वेळ ते ऐकत राहिले.

मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर पुसून जागेवर ठेवला.

"हा पार्ट माझ्याकडे मिळत नाही, बेटा."